खता, तोबा आणि दादाचं दुकान



स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून संगणकाविषयीच लेख मागितला जातो. एकदा 'इंटरनेट बँकिंग करताना घ्यायची काळजी' झालं, मग 'क्लाऊड म्हणजे काय रे भाऊ' झालं. यंदाही तसंच काहीतरी लिहून द्यायचं ठरलं होतं. पण जाब्रियाच्या रक्तपेढीत आमच्या इमारतीतल्या काकूंनी एक प्रश्न विचारला आणि सगळा बेत बदलला.

जाब्रियातली ही सेंट्रल ब्लड बँक आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. कुवेतमधल्या कितीतरी भारतीय संस्थांची रक्तदान शिबिरं तिथेच होतात. आम्ही राहतो तिथून ती गाडीनं पाच मिनिटांवर. (पार्किंग शोधायला पंधरा मिनिटं, हे जाब्रियाकरांना सांगायला नकोच!) त्या शुक्रवारी काका आत रक्त देत होते, मी हाताला पट्टी लावून ज्यूस पीत होतो आणि काकू शेजारी बसल्या होत्या. काकू मूळच्या साताऱ्याच्या, कुवेतमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ आहेत. आमच्या घरी नाताळचा केक झाला की पहिला तुकडा त्यांचा, आणि त्यांच्याकडे पुरण शिजलं की पहिली पोळी आमची.

काकू म्हणाल्या, "अरे, एक विचारू? रागावणार नाहीस ना? तुमच्यात रक्तानं पाप धुतलं जातं म्हणतात, ते काय असतं? आणि माणूस म्हणे जन्मतःच पापी! एवढंसं बाळ कसलं पाप करणार रे?"

मी हसलो, कारण काय बोलावं ते सुचेना. मी मूळचा नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. चौथ्या पिढीचा मराठी ख्रिस्ती. आमच्या भाषेत चर्चला 'मंडळी' म्हणतात, त्यामुळे मी मंडळाचाही सभासद आणि मंडळीचाही! संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं मिळवलेला मी, पण काकूंना दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाटलं, उत्तर येत नाही असं नाही. ते द्यायचं तर मला माझ्या दादाची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती आजवर मी कुवेतमध्ये कुणालाच सांगितलेली नाही. आज सांगतो.

आधी थोडं शब्दांविषयी. बायबलचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत आहे. त्यात पापासाठी मुख्य शब्द येतो 'हमार्तिया'. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. बाण सोडला, पण लक्ष्यावर लागला नाही. जुन्या कराराच्या हिब्रूतल्या शब्दाचाही अर्थ तोच, आणि त्याच धातूचा सख्खा भाऊ आपल्या आजूबाजूला रोज ऐकू येतो. अरबीत चुकीला 'खता' म्हणतात. हिंदी गाण्यांमधून आपल्या ओळखीचा झालेला 'खता' तो हाच! दुसरा शब्द आपण सगळेच वापरतो, 'तोबा'. भाज्यांचे भाव ऐकून आपण 'तोबा तोबा' म्हणतो. मूळ अरबी 'तौबा'चा अर्थ आहे परत वळणे, परत येणे. पश्चात्तापाच्या हिब्रू शब्दाचाही अर्थ परत फिरणे हाच. मराठीतल्या 'पश्चात्ताप' या शब्दात नंतर होणारा ताप आहे, जळणं आहे, पण परतीचा रस्ता नाही. मला हा फरक फार उशिरा कळला. सहा वर्षं मी नुसता जळत राहिलो, वळलो नाही.

तर, दादाची गोष्ट.

आमचे बाबा शाळामास्तर. आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बारावीनंतर त्यानं आयटीआय केलं आणि नगरमध्ये मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. जळालेल्या पाण्याच्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी तार मोजून भरायची, वॉर्निश करायचं आणि चालू करून गिऱ्हाइकाला द्यायची. मी अभ्यासात हुशार निघालो. २००३ साली मला इंग्लंडमध्ये लीड्सला एमएस्सीला प्रवेश मिळाला. बाबांचा प्रॉव्हिडंट फंड आणि बँकेचं कर्ज धरूनही चार लाख कमी पडत होते. दादानं दुकान वाढवण्यासाठी शेजारचा गाळा घ्यायचं ठरवलं होतं. तो बेत त्यानं गुंडाळला आणि ते चार लाख माझ्या हातात ठेवले. कागद नाही, साक्षीदार नाही. मी म्हटलं, "दादा, नोकरी लागली की पहिले तुझे." तो म्हणाला, "आधी पास तर हो."

पास झालो, नोकरी लागली, लग्न झालं, २००८ साली कुवेतला आलो. चार लाख द्यायचे राहून गेले. त्यानं मागितले नाहीत आणि मी आठवण काढली नाही. नात्यातलं देणं असंच असतं. जेवढं जुनं होतं, तेवढं ते दिल्यासारखं वाटू लागतं.

२०१६ साली दादाचा फोन आला. त्याच्या मुलीला बी.फार्म.ला प्रवेश मिळत होता, आठ दिवसांत तीन लाख भरायचे होते. त्यानं 'माझे पैसे परत दे' असं म्हटलं नाही. "जमेल का रे?" एवढंच विचारलं. त्याच महिन्यात मी पुण्याच्या फ्लॅटचा मोठा हप्ता भरणार होतो. मी म्हणालो, "दादा, इकडे प्रोजेक्ट बंद पडलंय, तीन महिने पगार नाही." तद्दन खोटं. पगार वेळेवर जमा झाला होता. दादा उलट मलाच धीर देत म्हणाला, "मग तुला काही पाठवू का?"

मंडळी, त्या वाक्यानंतर तरी माझी जीभ वळायला हवी होती. वळली नाही.

पुतणीचा प्रवेश हुकला. तिचं एक वर्ष वाया गेलं आणि पुढल्या वर्षी तिनं डिप्लोमाला नाव घातलं. दिवाळीच्या सुमारास नात्यातल्या कुणीतरी दादाला माझ्या फ्लॅटबद्दल अभिनंदनाचा फोन केला. तेव्हापासून दादानं माझा फोन घेणं बंद केलं. तो भांडला नाही, त्यानं कुणाजवळ बोभाटाही केला नाही. बाबांना मी फोन करायचो तेव्हा मागे दुकानातल्या मोटरीचा आवाज यायचा, दादाचा यायचा नाही.

काकूंचा प्रश्न होता, बाळ काय पाप करणार. यावर आमच्यातही एकमत नाही, हे प्रांजळपणे सांगतो. चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेल्या संत ऑगस्टीननं मांडलं की आदिपुरुषाचा दोष सगळ्या मानवजातीला वारशानं येतो. पाश्चात्त्य चर्चवर त्याचा मोठा प्रभाव पडला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरा म्हणतात की दोष वारशानं येत नाही, त्याचे परिणाम येतात, म्हणजे मरण आणि मनाचा कमकुवतपणा. इस्लाममध्ये वारशानं येणारं पाप ही कल्पनाच नाही, प्रत्येकजण आपापल्या कर्माचा जबाबदार. ऑफिसातला माझा कुवेती सहकारी आदमची गोष्ट माझ्याइतकीच आदरानं सांगतो, पण त्याच्या गोष्टीत आदम पश्चात्ताप करतो, देव क्षमा करतो आणि विषय तिथे संपतो.

मला स्वतःला त्या गोष्टीतला फळ खाण्याचा भाग तितका महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं पुढे आहे. माणूस झाडांमागे लपतो, आणि देव त्याला शोधत, हाका मारत येतो. पाप म्हणजे नियम मोडला, दंड भरला, पावती घेतली असं नव्हे. ज्याच्यासोबत संध्याकाळी फिरायला जायचं, त्यालाच चुकवून लपावंसं वाटणं, हे पाप. आणि पकडला गेल्यावर आदम काय करतो? बायकोकडे बोट दाखवतो! माझंही तसंच झालं. हप्ता बायकोच्या आग्रहामुळे भरला, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो. तिला तर दादाच्या फोनबद्दल मी बोललोसुद्धा नव्हतो. काकू, बाळ पाप करत नाही. पण असं लपायला बाळाला कुणी शिकवावं लागत नाही, एवढं मी दोन मुलांचा बाप म्हणून सांगू शकतो.

ही गोष्ट मराठीत आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि जवळजवळ ११ हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' त्यांनी रचलं. ते १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. म्हणजे तुकाराम महाराज अजून लहान होते, तेव्हा आदम आणि त्याचं पतन मराठी ओवीत येऊन पोहोचलं होतं! आणि 'पतित' हा शब्द तर आपल्या संतांनी त्याच्या कितीतरी आधी आपलासा केला होता. स्वतःला पतित म्हणायचं आणि विठ्ठलाला पतितपावन म्हणायचं, ही भाषा नामदेवांपासून आपल्या कानांवर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. आमच्या घरी रविवारी 'उपासना संगीत' उघडलं की टिळकांची पदं निघत, आणि बाबा ती अगदी वारकऱ्याच्या चालीत म्हणत.

टिळकांचं नाव निघालं म्हणून सांगतो. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. नवरा जिवंत, पण वाट वेगळी. काही वर्षं ती दोघं दुरावली. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ आल्या. आपलं सोवळं-ओवळं त्यांनी आधी सोडलं नाही. मग विचार करता करता एके दिवशी जातिभेद मनातून गळून पडला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराबद्दल कुणाचं मत काय असावं, हा या लेखाचा विषय नाही. मला त्या पुस्तकात दिसतं ते वेगळं आहे. दुरावलेली दोन माणसं पुन्हा एका घरात येतात, ती कुणी वाद जिंकला म्हणून नव्हे. कुणीतरी पत्र लिहीत राहतं, वाट बघत राहतं, आणि दुसरं कुणीतरी गाडीत बसतं.

मी गाडीत बसत नव्हतो.

२०२० साल उजाडलं. मार्चच्या मध्यात कुवेतनं प्रवासी विमानं बंद केली, ती १ ऑगस्टपर्यंत. जूनमध्ये बाबा गेले. कोरोनानं नव्हे, वयानं. दुसऱ्याच दिवशी दफन झालं. जाब्रियाच्या फ्लॅटमध्ये बसून मी ते मोबाईलवर पाहिलं. चित्र मधूनमधून अडकत होतं. एकदा अडकलं तेव्हा पडद्यावर दादाची पाठ होती, आणि मूठभर माती घेतलेला हात. विमानं बंद होती म्हणून जाता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं. पण आदल्या वर्षी विमानं रोज जात होती, बाबा आजारी होते, आणि दादासमोर जायला नको म्हणून मी गेलो नव्हतो. तेही खरंच होतं.

मग मी माझ्या धंद्याला शोभेल असं काम केलं. मी बँकांच्या संगणक प्रणालींवर सल्लागार म्हणून काम करतो. आमच्यात एक महत्त्वाचा भाग असतो, 'रिकन्सिलिएशन'. दोन खातेवह्या समोरासमोर ठेवायच्या, न जुळणाऱ्या नोंदी शोधायच्या आणि फरक शून्यावर आणायचा. त्याच रात्री मी एक्सेल उघडलं. चार लाख, २००३ पासून, नऊ टक्क्यांनी चक्रवाढ. आलेली रक्कम एक्सचेंजमधून दादाच्या खात्यावर पाठवली. मन एकदम हलकं झालं. फरक शून्य!

चौथ्या दिवशी सगळी रक्कम परत आली. सोबत एका ओळीचा मेसेज. "हिशेब तुझा आहे, तुझ्याकडेच राहू दे."

इंग्रजी बायबलमध्ये हाच 'रिकन्सिलिएशन' शब्द माणूस आणि देव यांच्या नात्याविषयी येतो. मराठी बायबलमध्ये त्याच्यासाठी शब्द आहे 'समेट'. बँकेतलं रिकन्सिलिएशन आकड्यांचं असतं, समेट माणसांचा होतो. ती पैशांची नोंद मी जुळवली, पण पुतणीचं गेलेलं वर्ष कुठल्या खात्यात जमा करणार होतो? बाबांच्या शेवटच्या आजारपणात दादानं एकट्यानं काढलेल्या रात्रींचा व्याजदर काय?

त्या वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती, ती माझ्या बायकोशिवाय कुणाच्या ध्यानात आली नव्हती. कुवेतमध्ये आमची उपासना शुक्रवारी असते, कारण सुट्टी तेव्हा. कुवेत सिटीतल्या नॅशनल इव्हँजेलिकल चर्चच्या आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या वेळ वाटून घेऊन भरतात. एका दालनात मल्याळम, शेजारी अरबी, पलीकडे तमिळ. या सगळ्याची मुळं जुन्या अमेरिकन मिशनमध्ये आहेत. शेख मुबारक यांच्या काळात हे डॉक्टर मंडळी इथे आली. डॉ. एलेनॉर कॅल्वर्ली १९१२ पासून इथल्या बायकांवर उपचार करत होत्या, आणि १९१४ साली मिशनचं इस्पितळ सुरू झालं. १९६७ साली ते बंद झालं. गल्फ रोडवरची ती इमारत आज 'अमरिकानी' सांस्कृतिक केंद्र म्हणून आपण पाहतो. तर, उपासनेत प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस सगळ्यांना वाटतात. माझ्यापाशी ताट आलं की मी ते हळूच पुढे सरकवायचो.

कारण साधं होतं. येशूची एक शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. तिचा भावार्थ असा, की वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग ये. लहानपणी हे पाठ करून मी पेन्सिलीचा डबा जिंकला होता! यात गंमत अशी, की देवाकडे जायचा रस्ता भावाच्या दारावरून वळवला आहे. देवाशी नातं बिघडणं आणि माणसाशी बिघडणं, ही दोन वेगळी खाती नाहीत.

पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्म्याविषयी असंच काहीसं सांगितलं आहे. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त काही वर्षांनंतर भेटला, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. मला तर धर्म जन्मानंच मिळाला होता, आणि मी ताट सरकवत बसलो होतो.

२०२२ च्या जुलैमध्ये मी एकटाच नगरला गेलो. एअरपोर्टवरून चॉकलेटं घेतली नाहीत, पैशांचा विषय डोक्यात ठेवला नाही. दादा दुकानात होता. स्टेटरमध्ये तार भरत होता. मला पाहून त्याचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. मी स्टुलावर बसलो आणि जे घोकून आलो होतो ते विसरलो. एवढंच म्हणालो, "दादा, पगार बंद नव्हता. मी खोटं बोललो. फ्लॅटचा हप्ता भरायचा होता. छकुलीचं वर्ष माझ्यामुळे गेलं. बाबांच्या आजारपणात मी तुझ्या भीतीनं आलो नाही."

'पण' हा शब्द येऊ द्यायचा नाही, एवढं मी कटाक्षानं पाळलं. कबुलीत 'पण' आला की ती वकिली होते.

दादानं उरलेली तार भरून संपवली. दहा मिनिटं गेली असतील. मग हात पुसले आणि म्हणाला, "चल." त्याच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही दफनभूमीत गेलो. बाबांची कबर बांधलेली होती, चौथरा नीट होता, डोक्याशी काळा दगड बसवलेला. पण दगड कोरा होता. नाव नाही, तारीख नाही, वचन नाही. दोन वर्षं झाली होती.

मी विचारलं, "हे असं का?"

"मजकूर दोघांनी मिळून ठरवायचा ना," दादा म्हणाला. "वडील दोघांचे. म्हटलं, तू येशील तेव्हा कोरू."

मी तिथे लहान मुलासारखा रडलो. लाज वाटली नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत पुष्कळांना माहीत असेल. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन परदेशी जातो, उधळतो, उपाशी परततो. बाप त्याला लांबूनच पाहून धावत जातो. थोरला मात्र रुसून बाहेरच उभा राहतो, आणि तो आत गेला की नाही हे न सांगता गोष्ट संपते. आमच्या घरी बाप मातीखाली होता. धावायचं काम थोरल्यानं केलं होतं, दोन वर्षं एक दगड कोरा ठेवून. मी यायच्या आधीच त्यानं माझ्यासाठी जागा ठेवली होती. आमच्या श्रद्धेत 'कृपा' म्हणतात ती हीच. आम्ही मानतो की देवानं आपण वळण्याची वाट पाहिली नाही, पहिलं पाऊल त्यानंच टाकलं.

आता काकूंचा रक्ताचा प्रश्न. क्रुसावरच्या मरणानं पापक्षमा कशी होते, यावर दोन हजार वर्षं विद्वान लिहीत आले आहेत. कुणी त्याला गुलामाच्या सुटकेसाठी दिलेली खंडणी म्हटलं. अकराव्या शतकात अन्सेल्मनं देवाच्या मानाची भरपाई अशी मांडणी केली. बाराव्या शतकात आबेलार्डनं प्रेमाचं दर्शन यावर भर दिला. मला त्यातलं एवढंच समजतं, की क्षमा फुकट नसते. तिची किंमत कुणालातरी भरावी लागते, आणि ती नेहमी क्षमा करणाराच भरतो. शेजारचा गाळा गेला तो दादाचा. लेकीचं वर्ष गेलं ते त्याचं. एकट्यानं माती दिली ती त्यानं. हे सगळं वसूल करायचा हक्क त्यानं सोडला, म्हणजे ते स्वतः सोसलं. आम्ही क्रुसाकडे बघतो तेव्हा म्हणतो, देवानं असंच केलं. वसुली केली नाही, सोसलं. रक्त म्हणजे ते सोसणं. रक्तपेढीत बसून हे मला सुचायला हवं होतं. दिल्याशिवाय तिथून कुणाला मिळत नाही, आणि देणाऱ्याच्या अंगातून ते खरंच जातं.

पैशांचं काय झालं, हे विचारणारे वाचक असणारच. येशूच्या मातृभाषेत, अरामीत, 'कर्ज' आणि 'पाप' यांना एकच शब्द आहे. म्हणूनच त्यानं शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तय ऋण माफ करण्याविषयी बोलतो. पण क्षमा झाली म्हणून देणं बुडवायचं नसतं. जक्कय नावाच्या जकातदारानं फसवून घेतलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. मी दादाला आकडा विचारला. तो म्हणाला, "मुद्दल दे. व्याज नको. व्याज सावकार घेतात."

चार लाख दिले. या वेळी परत आले नाहीत.

छकुली आता एका औषधाच्या दुकानात नोकरी करते, आणि नोकरी सांभाळून पुढे शिकतेय. तिचीही मी माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही बोललात ते बरं झालं. पण मला थोडा वेळ लागेल." मला आधी वाईट वाटलं, मग पटलं. क्षमा मागायची असते, वसूल करायची नसते. अजून ती मला स्वतःहून फोन करत नाही. वाढदिवसाच्या मेसेजला उत्तर मात्र देते. यंदा उत्तरात एक हसरा चेहराही होता!

दगडावर नाव आणि तारखा कोरल्या. खाली बाबांचं आवडतं वचन टाकलं. ते कोणतं, यावर आम्हा भावांचा अर्धा तास वाद झाला. सहा वर्षांनंतरचा पहिला वाद, फार बरं वाटलं.

कुवेतला परतल्यावर पहिल्या प्रभुभोजनाला ताट आलं. बायको माझ्याकडे बघत होती. मी तुकडा उचलला.

हा लेख द्यायच्या आधी काकूंना वाचून दाखवला. त्यांनी डोळे पुसले, चहा टाकला आणि म्हणाल्या, "दादाचं सगळं पटलं रे. पण ते बाळाचं काही मला पटत नाही." मीही फार ताणलं नाही. पुढच्या रक्तदानाला आम्ही तिघं पुन्हा जाब्रियाला जाणार आहोत. चर्चा तिथे पुढे चालू राहील. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं, फक्त पार्किंगसाठी थोडं लवकर निघावं.

आणि वाचकहो, नाव न कोरलेला एखादा दगड तुमचीही कुठे वाट पाहत असेल, तर तिकीट काढा. सध्या विमानं चालू आहेत.